विंच बसवावा कोठे?

मे महिन्यातील एक संध्याकाळ. भाट्याच्या पुळणीवर, सुरूबनाच्या पुढे, पर्यटकांची एक मोटार ओल्या वाळूत रुतली होती. ओहोटी सरून भरतीला सुरुवात झाली होती. गर्दीतून वाट काढीत एक जीप आली. तिच्या पुढच्या बंपरवर तारदोराचा नवाकोरा विंच. मालकाने जीप मोटारीच्या वरच्या अंगाला, समुद्राकडे तोंड करून उभी केली, दोर मोटारीला अडकवला आणि कळ दाबली. मोटार हातभर हलली. पण तेवढ्यात जीपचीच पुढची चाके वाळूत उतरू लागली. मालकाने मागे येण्यासाठी इंजिनाचा जोर वाढवला, तशी ती आणखी खोल गेली. आता एकाऐवजी दोन गाड्या रुतल्या. जीपला बाहेर पडण्यासाठी जायचे होते मागे, किनाऱ्याकडे. विंच होता पुढे, आणि विंचासमोर आधीच रुतलेली एक मोटार व अरबी समुद्र!

विद्यार्थिमित्रांनो, अशा घटना कोकणच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवसांत वरचेवर घडतात. लोक त्याला वेंधळेपणा म्हणून मोकळे होतात. परंतु विंच गाडीच्या कोणत्या भागावर बसवावा हा प्रश्न सोपा नाही, आणि तो सोडवण्यासाठी तुमच्या पाठ्यपुस्तकातील तरफ, परिबल आणि ओहमचा नियम एवढेच ज्ञान पुरते. म्हणून आज तोच घेऊ.

विंच (विंचवाशी याचा संबंध नाही) म्हणजे दोर गुंडाळणारा रहाट. विहिरीचा रहाट हाताने फिरतो, विंचाचे पिंप विजेच्या मोटरीने किंवा इंजिनाने फिरते. मध्ये दातेरी चाकांची मालिका असल्यामुळे वेग कमी होतो आणि ओढ वाढते. दुसऱ्या महायुद्धातील कित्येक अमेरिकन लष्करी ट्रकांच्या पुढच्या बंपरवर इंजिनानेच फिरणारा विंच असे. पुढे विंच बसवण्याची चाल जीपवाल्यांत रूढ झाली त्यात या चित्राचाही थोडा वाटा असावा, असे मला वाटते.

विंचासाठी जागा तीन: पुढे, मागे किंवा मध्ये चेसिसखाली. प्रथम नुसत्या वजनाचा विचार करू. समजा, जीपचे वस्तुमान १,६०० किलोग्रॅम आहे. पैकी ८५० किलोग्रॅमचा भार पुढच्या चाकांवर आणि ७५० चा मागच्या चाकांवर पडतो. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.४ मीटर. आता ५० किलोग्रॅमचा विंच पुढच्या चाकांच्याही पुढे ०.८ मीटरवर बसवला, तर पुढच्या चाकांवरील भार किती वाढेल? पन्नास, असे उत्तर वर्गात हमखास येते. ते चूक आहे. मागची चाके हा टेकू धरून परिबले मांडा: ५० × (२.४ + ०.८) = १६०; भागिले २.४, म्हणजे सुमारे ६७ किलोग्रॅम. वरचे १७ आले कोठून? मागच्या चाकांवरून. तेथील भार १७ ने कमी झाला. पुढे लोंबणारे वजन तरफेसारखे मागची बाजू उचलते. पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि मागच्या चाकांची पकड घटते. विंच मागे तेवढ्याच अंतरावर लावला तर याच्या उलट घडेल. मध्यभागी लावला तर २५ - २५ अशी सरळ वाटणी होईल.

पण हा बदल किरकोळ आहे. खरी गंमत दोराला ताण आल्यावर सुरू होते.

वहीत जीपची बाजूने दिसणारी आकृती काढा. चाके वाळूत अडकलेली आहेत, म्हणजे जमिनीचा विरोध चाकांच्या तळाशी, जमिनीच्या पातळीवर आहे. दोर मात्र जमिनीपासून ०.७ मीटर उंचीवरून पुढे ओढतो आहे. ताण समजा ८,००० न्यूटन. एक बल वर, त्याच्या विरुद्ध दिशेचे दुसरे बल खाली. या जोडीमुळे ८,००० × ०.७ = ५,६०० न्यूटन-मीटर एवढे परिबल निर्माण होते आणि ते गाडीचे नाक खाली दाबते. चाकांतील अंतराने भागले की २,३३३ न्यूटन, म्हणजे सुमारे २३३ किलोग्रॅमचा भार मागच्या चाकांवरून उचलून पुढच्या चाकांवर ठेवला जातो.

आता बेरीज करा. पुढे ८५० + ६७ + २३३ = १,१५०. मागे ७५० − १७ − २३३ = ५००. उभी असताना जवळजवळ समतोल असलेली जीप दोर ताणला जाताच पुढच्या चाकांवर मागच्यापेक्षा दुपटीहून अधिक भार घेऊन उभी राहिली. खाली ओली वाळू. पुढची चाके बुडाली नसती तरच नवल! शिवाय रुतलेल्या मोटारीची कडी जीपच्या विंचापेक्षा खाली होती. त्यामुळे दोर उतरता होता आणि तो नाकाला आणखी थोडा खाली खेचत होता. न्यूटनचा तिसरा नियम आपण पाठ म्हणतो, पण जीप मोटारीला जेवढ्या बलाने ओढते तेवढ्याच बलाने मोटार जीपला ओढते, हे मालकाच्या ध्यानात आले नव्हते.

दोर तिरपा वर गेला तर? अशा वेळी एक सोपी युक्ती सांगतो. आकृतीत दोराची रेषा मागे वाढवा आणि ती मागच्या चाकाच्या तळाशी कशी जाते ते पाहा. रेषा त्या बिंदूच्या वरून जात असेल, तर पुढच्या चाकांवरील भार वाढतो. नेमकी त्या बिंदूतून गेली, तर पुढचा भार जसाच्या तसा राहतो, कारण त्या टेकूभोवती दोराचे परिबल शून्य असते. बिंदूच्या खालून गेली, तर पुढची चाके हलकी होतात. आपल्या जीपसाठी सीमेवरचा कोन किती? दोर सुटतो ती जागा मागच्या चाकापासून ३.२ मीटरवर व ०.७ मीटर उंच, ०.७ भागिले ३.२ म्हणजे सुमारे ०.२२, आणि हा स्पर्शगुणक ज्याचा आहे तो कोन साधारण १२ अंश. वीस मीटर दोराला एवढा चढ मिळण्यासाठी त्याचे दुसरे टोक सव्वाचार मीटर वर हवे. मग सुरूच्या झाडाला उंचावर बांधावे काय? मुळीच नाही. तेथेही परिबलच आडवे येते: दोर जितका उंच, तितके झाड मुळासकट उपटण्याची शक्यता अधिक. दोर बुंध्याशीच बांधायचा, आणि तोही रुंद पट्टा घालून, म्हणजे साल कापली जात नाही.

तेव्हा कोन हाती नसेल, तर उंची तरी आपल्या हाती आहे. विंच ०.७ ऐवजी ०.४५ मीटरवर बसवला, तर भाराची अदलाबदल २३३ वरून १५० किलोग्रॅमवर येते. दोर पिंपाच्या वरून न सोडता खालच्या अंगाने सोडला तर आणखी काही सेंटिमीटर मिळतात. अर्थात फार खाली बसवलेला विंच चढावर दगडाला थडकतो आणि पऱ्ह्या ओलांडताना चिखलाने माखतो. कुठे थांबायचे हे रस्ता पाहून ठरवावे.

आता हाच हिशेब विंच मागे असता करून पाहा. दोर मागे ओढतो, जमिनीचा विरोध पुढच्या दिशेने. परिबलाची दिशा उलटते. पुढची चाके हलकी होतात! गाडी पुढे जाताना वाळूत शिरते तेव्हा बहुधा पुढची चाके आधी रुततात, आणि मागचा भाग अजून त्यातल्या त्यात घट्ट जमिनीवर असतो. ज्या वाटेने आलो ती वाट गाडीला पेलणारी होती, हे तर सिद्धच झालेले असते. म्हणजे मागचा दोर योग्य दिशेला ओढतो, आणि वर रुतलेल्या चाकांवरचा भारही उचलतो. माझे मत विचाराल तर पुळणीवर जाणाऱ्या गाडीला विंच मागेच हवा.

मग सगळे पुढे का बसवतात? एक कारण म्हणजे चालकाला दोर दिसतो. दुसरे असे की पुढून ओढलेली गाडी आपोआप दोराच्या दिशेला वळते, बैलगाडी बैलांमागे वळते तशी. सह्याद्रीतल्या एखाद्या निसरड्या चढावर गाडीला वरच जायचे असते. तेथे मागच्या विंचाचा उपयोग नाही. तिसरे कारण विजेचे, आणि ते भक्कम आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा विंच जोर लावताना ४०० अँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकतो. ३५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची केबल घेतली, तर तिच्या दर मीटरचा रोध साधारण ०.०००४९ ओहम. बॅटरी पुढे असल्याने पुढच्या विंचाला जाऊन-येऊन ३ मीटर केबल पुरते, तिच्यात ०.६ व्होल्ट खर्ची पडतात. मागच्या विंचासाठी १० मीटर लागली, तर जवळजवळ २ व्होल्ट वाटेतच जातात. २ × ४०० म्हणजे ८०० वॅट, एखाद्या इस्त्रीइतकी उष्णता! केबल अधिक जाड घ्यावी लागते, म्हणजे खर्च व वजन दोन्ही वाढतात. तरी समुद्रात बुडालेल्या जीपपेक्षा तांबे स्वस्तच.

आणि मध्यभागी? येथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे, तो डोळ्यांनी पाहायचा असेल तर मिरकरवाडा बंदरात जा. ट्रॉलरवरचा विंच केबिनजवळ डेकवर पक्का बसवलेला असतो, पण जाळ्याचा दोर कप्प्यांवरून फिरून नौकेच्या मागच्या टोकाशी पाण्यात उतरतो. नौकेला ओढ लागते ती विंचापाशी लागते असे वाटते. पण नौका कशी कलंडेल हे शेवटच्या कप्पीवरून दोराची रेषा कशी सुटते त्यावर ठरते. ट्रकाचेही तसेच. विंच चेसिसच्या मध्यावर ठेवून रुळांवरून दोर पुढे किंवा मागे काढता येतो. वजनाची वाटणी पिंपाच्या जागेवरून होते; वरचे ०.७ मीटरचे गणित मात्र दोर गाडी सोडतो त्या जागेचे. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. जड ओढगाड्यांत ही रचना सोयीची. लहान जीपखाली मात्र गिअरपेटी, नळ्या यांच्या गर्दीत जागा मिळत नाही. जीपसाठी आजकाल दोन्ही टोकांना चेसिसला चौकोनी खाचा जोडून विंच हवा तिकडे उचलून बसवण्याची सोय करतात. मला ती पसंत आहे. मात्र खाच चेसिसलाच पक्की हवी. नुसत्या बंपरच्या पत्र्याला ८,००० न्यूटन झेपत नाहीत.

जागा ठरली तरी पिंपावरचा दोर विसरू नका. मोटरचे परिबल ठराविक. म्हणून पिंपावर दोराचे थर चढले की त्रिज्या वाढते आणि ओढ घटते. पहिल्या थराची त्रिज्या ३६ मिलिमीटर व चौथ्याची ६० असेल, तर ओढ ३६/६०, म्हणजे ६० टक्केच उरते. विंचावर लिहिलेला आकडा पहिल्या थराचा असतो! झाड जवळ असेल तर बराच दोर पिंपावरच राहतो. अशा वेळी झाडाला कप्पी बांधून दोर परत गाडीच्या कडीला आणावा. दोर अधिक सुटतो आणि ओढही जवळजवळ दुप्पट होते. झाडावरच्या पट्ट्याला मात्र दुप्पट ताण सोसावा लागतो. उलट, दोर पार संपवूही नये. पिंपावर पाच वेढे राहू द्यावेत. घर्षणांक ०.१५ धरला तर एका वेढ्यात ताण सुमारे अडीच पट कमी होतो, पाच वेढ्यांत शंभर पटींहून अधिक; म्हणून टोकाच्या बारीक स्क्रूवर जवळजवळ काहीच भार येत नाही. कृत्रिम धाग्याचा दोर गुळगुळीत, त्याला आणखी काही वेढे लागतात.

ताणलेल्या दोरापाशी कोणी उभे राहू नये. २०,००० न्यूटन ताणाखाली दोर १८ सेंटिमीटर लांबला, तर त्यात साठलेली ऊर्जा ½ × २०,००० × ०.१८ = १,८०० ज्यूल. साठ किलोग्रॅमचा माणूस तीन मीटरवरून पडावा तेवढी. दोर तुटला की ती सारी त्याच्या टोकात उतरते. दोरावर मध्यावर ओले गोणपाट टाकतात ते यासाठी.

भाट्याच्या जीपचे काय झाले? तिच्या टायरांतील हवा निम्मी केली. एका चाकावर ४,००० न्यूटन भार आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २० न्यूटन असेल, तर टायर वाळूला २०० चौरस सेंटिमीटरवर टेकतो. दाब १० केला की ४०० वर. मग मागच्या कडीला जाड दोर बांधून जवळच्या वाडीतले वीस-एक जण, पावसाळ्याआधी होडी वर ओढतात तसे, एका दमात ओढू लागले. एकाचे ३०० न्यूटन धरले तरी वीस जणांचे ६,००० होतात, आणि तेही मागून. जीप निघाली. नंतर मोटारही निघाली, पण तोवर तिच्या पायदानात पाणी शिरले होते.

हे सारे घरी करून पाहता येते. पाय असलेला एक जड लाकडी ठोकळा घ्या. त्याचे पुढचे दोन पाय एका स्वयंपाकघरातील काट्यावर आणि मागचे दोन तशाच दुसऱ्या काट्यावर ठेवा. पाय घसरू नयेत म्हणून खाली खरखरीत कागद चिकटवा. ठोकळ्याच्या पुढच्या टोकाला दोरा बांधून तो ताणकाट्याने आडवा ओढा व दोन्ही काट्यांवरील आकडे लिहून घ्या. त्यांची बेरीज बदलते का ते पाहा. मग दोरा हळूहळू वर कलवीत न्या. पुढच्या काट्याचा आकडा मूळ जागी आला की थांबा, दोऱ्याच्या रेषेला पट्टी लावा आणि ती मागे कोठे टेकते ते पाहा.