हेगला जाण्याआधी

अगं, हेगच्या अकादमीत तुझी निवड झाल्याचं बाबांनी कळवलं आणि मला फार आनंद झाला. फोनवर घाईत सांगितलेलं निसटतं, म्हणून हे सगळं सावकाश लिहून पाठवते आहे.

तू पब्लिक इंटरनॅशनल लॉचे तीन आठवडे घेतलेस ते बरोबर केलंस. पुढच्या तीन आठवड्यांच्या प्रायव्हेटचा मोह धरू नकोस. सहा आठवडे सलग बसणारी माणसं चौथ्या आठवड्यात नुसती हजेरी लावतात. फॅमिली कोर्टात काम करणारी तुझी मैत्रीण विचारत होती ना, तिने मात्र पुढच्या वर्षी प्रायव्हेटच घ्यावं. अमेरिकेतून मूल घेऊन आलेली आई आणि तिथल्या कोर्टाचा आदेश हातात घेऊन मागोमाग आलेला बाप, ही प्रकरणं आता पुण्यात नवी नाहीत. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील झालेला नाही. तो करार इतर देशांची न्यायालयं कसा चालवतात हे कळलं तर तिच्या रोजच्या कामाला धार येईल. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोर्टातून सुटी मिळत नसेल, तर अकादमीचा जानेवारीतला हिवाळी वर्गही आहे, हे तिला सांग.

आता मुख्य गोष्ट. तिथे वह्या भरू नकोस. ही अकादमी १९२३ पासून चालू आहे आणि तिथली व्याख्यानं नंतर ‘रेक्युई दे कूर’ या ग्रंथमालेत छापली जातात. आजवर चारशेवर खंड निघाले आहेत. जे छापून येणारच आहे ते उतरवून घेण्यात तुझी सकाळ घालवू नकोस. प्रश्न आल्यावर व्याख्याते कुठे थबकले, कोणत्या मुद्द्यावर शब्द जपून वापरले, कोणत्या देशाच्या विद्यार्थ्याने कशाला हरकत घेतली, ते लिही. ते कुठल्याच खंडात सापडत नाही.

हे ऐकू यायला मात्र तुझा स्वतःचा एक खटला बरोबर हवा. एकच, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला. मग राज्याची जबाबदारी असो, रूढी असो की अधिकारक्षेत्र, प्रत्येक व्याख्यान तू त्या खटल्यावर घासून बघशील. माझं ऐकशील तर पोर्तुगाल विरुद्ध भारत हा खटला घे, राइट ऑफ पॅसेजचा.

दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाली. सुधीर फडके, राजा वाकणकर यांच्यासारखी आपली माणसं त्या लढ्यात होती, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पुढची गोष्ट फार थोडे वाचतात. दमणहून या प्रदेशात जायला भारताच्या हद्दीतूनच वाट होती आणि भारताने ती अडवली. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आला, १९ तारखेला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सक्तीचं अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि २२ तारखेला भारतावर दावा ठोकला. भारताने प्राथमिक हरकती घेतल्या, पण या घाईबद्दलची हरकतही न्यायालयाने १९५७ मध्ये फेटाळली. अधिकारक्षेत्राचं व्याख्यान ऐकण्याआधी भारताच्या १९७४ आणि २०१९च्या घोषणा काढून बघ. दाव्याच्या आधी बारा महिन्यांच्या आत ज्याने अधिकारक्षेत्र मान्य केलं असेल, त्याला भारताविरुद्ध येता येत नाही, असं त्यात लिहिलेलं दिसेल. ते कलम असं कोरडं वाचलं तर लक्षात राहत नाही. १९५५च्या त्या तीन दिवसांसकट वाच.

मग मूळ निकालपत्र, १२ एप्रिल १९६०चं. पोर्तुगालने आधार घेतला होता १७७९च्या पुण्याच्या तहाचा आणि पेशव्यांच्या १७८३ व १७८५च्या सनदांचा. वर्षाला बारा हजार रुपयांच्या उत्पन्नाची ती नेमणूक. न्यायालयाने म्हटलं की ही जहागीर किंवा सरंजाम आहे, वसुलाचा हक्क आहे, यातून सार्वभौमत्व मिळत नाही. आपल्या दप्तरातले हे शब्द हेगच्या निकालपत्रात वाचताना मला आजही भरून येतं. पण तिथे थांबू नकोस, कारण पुढच्याच भागात न्यायालय म्हणतं की मराठ्यांच्या जागी आलेल्या ब्रिटिशांनी पोर्तुगालचं सार्वभौमत्व गृहीत धरलं, आणि तिथून निकाल वेगळ्या वाटेने जातो.

खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल सव्वाशे वर्षं बिनतक्रार ये-जा करत होते. दोनच देशांमध्ये चालत आलेल्या अशा वहिवाटीतूनही हक्क निर्माण होऊ शकतो, असं न्यायालयाने मानलं. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांच्या बाबतीत मात्र दर वेळी परवानगी मागावी लागत होती, म्हणून तिथे हक्क नाही. हा भाग आठ विरुद्ध सात मतांनी ठरला. आणि शेवटी, १९५४च्या तणावात वाट अडवणं हे भारताच्या नियमनाच्या अधिकारात बसतं, म्हणून भारताने कर्तव्यभंग केला नाही, असं नऊ विरुद्ध सहा मतांनी. परवानगी मागून केलेला वापर आणि हक्क म्हणून केलेला वापर यातला फरक तू दिवाणी कोर्टात रोज बघतेस, त्यामुळे हे तुला वर्गातल्या अनेकांपेक्षा लवकर कळेल. भारतातर्फे मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते एम. सी. छागला, ज्यांनी आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचं मुख्य न्यायाधीशपद भूषवलं होतं. छागलांचं भिन्नमत वगळू नकोस. भिन्नमतं न वाचता निकाल वाचला असं मी कधीच मानत नाही.

कुलभूषण जाधव खटल्याबद्दल तिथे तुला नक्की विचारतील. १७ जुलै २०१९चा निकाल, पंधरा विरुद्ध एक, व्हिएन्ना कॉन्सुलर कराराचं कलम ३६. पंधरा विरुद्ध एक हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तू मात्र भारतातर्फे हरीश साळवे यांनी काय मागितलं आणि काय मिळालं नाही, ते नीट वाचून जा. जाधव यांची शिक्षा रद्द करण्याची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. प्रभावी पुनर्विलोकन करा, मार्ग पाकिस्तानने निवडावा, असं सांगितलं. हे सौम्य शब्दांत पण स्पष्ट मांडता आलं, तर तुझं बोलणं पाकिस्तानातून आलेला विद्यार्थीही ऐकून घेईल.

जाण्याआधी जाड पाठ्यपुस्तकं नकोत. न्यायालयाच्या संविधीचं कलम ३८, करारांच्या कायद्यावरच्या १९६९च्या व्हिएन्ना करारातली कलमं ३१ ते ३३, आणि रूढीबद्दलचे आंतरराष्ट्रीय कायदा आयोगाचे २०१८चे सोळा निष्कर्ष त्यांच्या भाष्यासह. एवढं पक्कं कर. संयुक्त राष्ट्रांच्या ऑडिओव्हिज्युअल लायब्ररीत व्याख्यानं फुकट आहेत, लोकलमध्ये ऐक. सी. एच. अलेक्झांड्रोविच मद्रासला शिकवत. सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय आणि दक्षिण आशियाई सत्तांच्या करारांवर त्यांनी १९६०च्याच सुमारास याच अकादमीत व्याख्यानं दिली. ती छापील मिळाली तर तुझ्या खटल्याशेजारी ठेव.

डिप्लोमाची परीक्षा फार कठीण असते, डिप्लोमा अगदी मोजक्यांना मिळतो. तयारी नसेल तर तिच्या मागे लागू नकोस. तो वेळ पीस पॅलेसच्या ग्रंथालयात घालव. आवारातच आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे, लवाद न्यायालयही आहे. त्या दिवसांत सुनावणी असेल तर एखादं व्याख्यान बुडवून जा आणि वकील न्यायाधीशांच्या प्रश्नाला लगेच उत्तर देतात की वेळ मागून घेतात, ते बघ.

जेवताना भारतीय घोळक्यात बसू नकोस. परराष्ट्र खात्यांत काम करणारी तरुण मंडळी तिथे येतात, आफ्रिकेतून, लॅटिन अमेरिकेतून. आपल्या देशाचं मत संयुक्त राष्ट्रांकडे पाठवताना मसुदा कोण लिहितं, कोण खोडतं, हे त्यांना विचार. रूढी कशी घडते याचं त्याहून चांगलं उत्तर नाही.

व्हिसाचं काम आजच सुरू कर. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. राहायला जागा १ नंबरच्या ट्रामच्या वाटेवर बघ, ती पीस पॅलेसवरून जाते. छत्री वाऱ्यात टिकत नाही, पावसाचं जाकीट ने. सायकलच्या लाल पट्ट्यावर चुकूनही उभी राहू नकोस. घरच्यासारखं खावंसं वाटलं तर सुरिनामी हिंदुस्तानी लोकांची रोटीची दुकानं शहरात भरपूर आहेत. एका रविवारी डेल्फ्टला जाऊन ये. ह्यूगो ग्रोशियस तिथला, १५८३चा जन्म. १६०९ मध्ये त्याने समुद्र सर्वांना खुला असल्याचं मांडलं ते पोर्तुगिजांच्याच मक्तेदारीविरुद्ध, हे तुझ्या खटल्याशी जोडून बघ.

परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत टिपण लिहायला बस. एकदा तुझे बोर्ड सुरू झाले की वही उघडली जाणार नाही. टिपणासाठी आपल्याकडचा एक निकाल घे: ग्रामोफोन कंपनी विरुद्ध बिरेंद्र बहादुर पांडे, सर्वोच्च न्यायालय, १९८४. कोलकात्यामार्गे नेपाळला निघालेल्या नकली कॅसेटचं प्रकरण. तिथेही प्रश्न दुसऱ्या देशात जाण्यासाठी भारताच्या भूमीवरून होणाऱ्या वाहतुकीचाच होता, आणि आंतरराष्ट्रीय कायदा आपल्या कोर्टात कुठवर चालतो याचाही. १९६०चं निकालपत्र आणि हे, दोन्ही शेजारी ठेवून दहा पानं लिही आणि आधी तुझ्या सीनिअरना दाखव. नंतर मला पाठव, मी पेन्सिल घेऊन वाचेन.