क्लच का घसरतो? रामवाडीच्या एका ट्रकने घेतलेली व्हायवा

"क्लच स्लिप केव्हा होतो?" हा प्रश्न मेकॅनिकलच्या प्रत्येक व्हायवात एकदा तरी येतोच. आपले उत्तरही ठरलेले असते, "सर, क्लच प्लेट झिजल्यावर." सर मान हलवतात, आपण बाहेर येतो. मीही हेच उत्तर देऊन मार्क घेतले आहेत. पण सुट्टीत पेणजवळ रामवाडीला एका गॅरेजात बसायला लागलो आणि कळले की हे उत्तर अर्धेच आहे. उरलेल्या अर्ध्यापायी एका ट्रकमालकाला आठ महिन्यांत दोनदा गिअरबॉक्स उतरवावा लागला होता.

रामवाडी म्हणजे मुंबई-गोवा हायवेवरचे गाव. एस.टी.च्या रायगड विभागाचे कार्यालय इथेच आहे. पूर्वी या रस्त्याला एन.एच. 17 म्हणत, आता तो 66 आहे. रात्रंदिवस ट्रक, डंपर, टेम्पो; गणपतीच्या आधी मूर्तींच्या गाड्यांची रांग. त्यामुळे इथे पंक्चरवाल्यापासून बॉडी बांधणाऱ्यापर्यंत सगळे मिळतात. ऑटोमोबाईल शिकायला यापेक्षा चांगली लॅब नाही, आणि जर्नलवर सही घ्यायची भानगड नाही.

केस काय होती?

गाडी जुनी, सहा चाकी, हायड्रॉलिक क्लचची. मालक स्वतःच चालवायचे. विटा, खडी, जे मिळेल ते भाडे. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत : "सकाळी गाडी एकदम मस्त. अर्धा तास चालली की चढावर नुसती बोंबलते, ओढत नाय."

दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलून घेतली होती. दोन महिने बरे गेले. पुन्हा तेच. पुन्हा बॉक्स उतरवला, पुन्हा नवा सेट. आता तिसऱ्यांदा तीच तक्रार. मालकांनी जड भाडी घेणे बंद केले होते, पण हप्ता काही बंद होत नाही. "या वेळी बॉक्स बदलूनच टाका," असे म्हणत ते आले.

आमचे मिस्त्री म्हणाले, "काका, बॉक्स राहू द्या. आधी चहा घ्या. गाडी गरम होऊ दे, मग बघू."

हे "गरम होऊ दे" लक्षात ठेवा. सगळी केस त्यातच आहे.

आधी खात्री करा : घसरतो की ताकदच नाही?

गाडी चढावर ओढत नाही याची दोन वेगळी कारणे असतात. एअर फिल्टर चोक असेल, डिझेल नीट येत नसेल, इंजेक्टर खराब असेल किंवा ब्रेक धरून राहत असेल, तर गाडीचा वेग पडतो आणि त्याबरोबर इंजिनाचा आरपीएमही पडतो. क्लच घसरत असेल तर उलटे. वेग पडतो, पण इंजिनाचा आवाज वाढतो. दोन्ही एकत्र पडले तर क्लचला हात लावू नका.

जुन्या ट्रकला बऱ्याचदा आरपीएम मीटर नसतो किंवा असून बंद असतो. पण मोजता येते. समजा टॉप गिअर 1:1 आहे, मागच्या डिफरन्शियलचा रेशो 41/6 म्हणजे 6.83, आणि टायर एका फेरीत 3.15 मीटर जातो (खडूने खूण करून, गाडी ढकलून, टेपने मोजा). इंजिन 1800 आरपीएमला असेल तर चाक 1800 ÷ 6.83 म्हणजे 263 फेरे घेईल. त्याला 3.15 ने गुणले की मिनिटाला 830 मीटर, म्हणजे ताशी साधारण 50 किलोमीटर.

आता इंजिन 1800 ला आणि स्पीडोमीटर 40 वर असेल तर? 40 च्या हिशेबाने गिअरबॉक्सच्या शाफ्टला 1445 आरपीएम मिळाले. मधले 355 हरवले. म्हणजे 20 टक्के स्लिप. ऐकून अंदाज बांधण्यापेक्षा हा आकडा केव्हाही बरा. आपल्या लॅबमधला टॅकोमीटर यासाठीच असतो, फक्त कपाटात ठेवण्यासाठी नाही.

उभ्या गाडीवरही एक चाचणी आहे. चाकांना ओट लावा, हँडब्रेक ओढा, समोर-मागे कोणी उभे नाही हे बघा. वरचा गिअर टाका, थोडा रेस द्या आणि क्लच पॅडल हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच धरतो आहे. इंजिन चालूच राहिले तर घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करायची. मजा म्हणून चार वेळा केली तर चांगली प्लेटही जळते.

आता थोडे मशीन डिझाईन

कंटाळू नका, एकच फॉर्म्युला आहे. सिंगल प्लेट क्लच किती टॉर्क पेलतो?

टॉर्क = 2 × म्यू × दाब × सरासरी त्रिज्या

2 यासाठी की प्लेटच्या दोन्ही बाजूंना लायनिंग असते. समजा म्यू 0.3, प्रेशर प्लेटचा दाब 10,000 न्यूटन, सरासरी त्रिज्या 0.12 मीटर. उत्तर 720 न्यूटन-मीटर. इंजिनाचा टॉर्क 400 धरला तर क्लच 1.8 पट मजबूत आहे. हे जास्तीचे 320 म्हणजे आपली शिल्लक. क्लच घसरतो याचा अर्थ ही शिल्लक कोणीतरी खाल्ली. कोणी, ते शोधायचे.

पहिला आरोपी झीज. कॉइल स्प्रिंगच्या क्लचमध्ये लायनिंग झिजली की स्प्रिंग सैल होते. दाब 20 टक्के कमी झाला तरी 576 उरतात. अजून घसरणार नाही. म्हणजे झीज हळूहळू खाते, एकदम नाही.

दुसरा आरोपी तेल. लायनिंगला ऑईल लागले आणि म्यू 0.12 वर आला तर टॉर्क 288. खलास! नवी कोरी प्लेटसुद्धा घसरणार.

तिसरा आरोपी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : रिलीज बेअरिंग. पॅडल सोडल्यावर हे बेअरिंग मागे सरकून मोकळे व्हायला हवे. ते फिंगरना टेकूनच राहिले तर न दाबताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. समजा त्यामुळे 4,000 न्यूटन कमी झाले. उरले 6,000. टॉर्क 432. गाडी सपाटीवर चालेल, सकाळी मस्त चालेल. पण प्लेट तापली आणि म्यू 0.3 वरून 0.25 वर आला की टॉर्क 360. इंजिन देते 400. सुटला!

मालकांचे वाक्य आठवा. "सकाळी एकदम मस्त."

आणि एकदा घसरायला लागला की चक्र सुरू होते. 360 न्यूटन-मीटरला 300 आरपीएमचा फरक असेल तर सुमारे 11 किलोवॅट उष्णता प्लेटवर तयार होते. हॉस्टेलचा गीझर 2 किलोवॅटचा धरा. पाच-साडेपाच गीझर एका प्लेटवर! ती आणखी तापते, म्यू आणखी पडतो, आणखी घसरते. मग जळका वास येतो आणि आपण म्हणतो, "प्लेट गेली." अहो, प्लेट गेली हे खरे, पण तिला मारले कोणी?

बॉक्स न उतरवता तपास

मिस्त्रींचा क्रम साधा होता. आधी जे फुकट आहे ते बघायचे, मग जे स्वस्त आहे ते, आणि बॉक्स सगळ्यात शेवटी.

1) ड्रायव्हरचा पाय. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर आधी ती तपासा. स्पेअर पार्ट लागत नाही.

2) फ्री प्ले. पॅडलला आणि खाली फोर्कच्या टोकाला मोकळी हालचाल हवी. किती, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. आणि हे थंड असताना एकदा व गरम असताना एकदा मोजायचे.

3) बेल हाऊसिंगच्या खालचे भोक. तिथून तेल गळते आहे का? काळे इंजिन ऑईल असेल तर क्रँकचे मागचे सील. गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑईल, म्हणजे बॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील. तसे असेल तर बॉक्सचा ब्रीदरही साफ करा. तो चिखलाने बंद झाला की आत प्रेशर तयार होते आणि नवे सीलही गळू लागते.

4) हायड्रॉलिक. पॅडल सोडल्यावर लाईनमधले प्रेशर खरेच सुटते का?

आमच्या ट्रकचा फोर्क थंड असताना हाताने 4 मि.मी. हलत होता. भोक कोरडे. आधीच्या मिस्त्रीने इथेच "सगळे ठीक आहे, प्लेटच गेली" असे ठरवले असणार. आम्ही मात्र विटांचा लोड तसाच ठेवून गाडी पनवेलच्या दिशेने काढली. खारपाड्याचा पूल ओलांडून कर्नाळ्याच्या खिंडीत चढाला लागलो आणि इंजिन बोंबलायला लागले. मिस्त्रींनी सपाट जागा बघून गाडी बाजूला घेतली, ओट लावले, आणि मला खाली पाठवले.

फोर्क जाम! 4 मि.मी. तर सोडाच, केसभरही हलेना. मिस्त्रींनी स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीड स्क्रू जरा सैल केला. पॅडलला कोणी हात लावला नव्हता, तरी फ्लुइडची पिचकारी उडाली आणि फोर्क मोकळा झाला. स्क्रू घट्ट करून तोच चढ पुन्हा चढलो. गाडी मुकाट्याने वर गेली. मालक काही बोलले नाहीत, फक्त दोनदा स्टेअरिंगवर हात फिरवला.

कारण मास्टर सिलिंडरमध्ये निघाले. कधीतरी कोणीतरी ब्रेक फ्लुइडच्या जागी साधे खनिज तेल टॉप-अप केले होते. या रबरांना खनिज तेल चालत नाही, ती फुगतात. फुगलेल्या वायसरने परतीचे बारीक भोक झाकून टाकले होते. पॅडल सोडल्यावर फ्लुइड टाकीत परत जाईना. त्यात बेल हाऊसिंगच्या उष्णतेने अडकलेले फ्लुइड प्रसरण पावे आणि बेअरिंगला पुढे ढकले. रात्रभरात थंड होऊन प्रेशर हळूहळू उतरे. म्हणून सकाळी गाडी मस्त!

दोन क्लच सेट वाया गेले होते आणि दुरुस्ती निघाली रबर किट, लाईन धुणे व योग्य फ्लुइड एवढीच.

बॉक्स उतरवावाच लागला तर

प्लेटवर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत लायनिंग किती उरली ते मोजा. प्रेशर प्लेट निळी पडली आहे का, तडे आहेत का ते बघा. स्प्रिंगची उंची ताडून पाहा. फ्लायव्हील घासून घ्यायचे असेल तर किती घासायचे याला मर्यादा आहे. आणि एक महत्त्वाचे : जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. एअर गनने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजात हे कोणी पाळत नाही, म्हणून आपण पाळायचे.

आणि ऑटोमॅटिक?

कोणी विचारेल, आता ऑटोमॅटिकचे दिवस आहेत, हे कशाला? खाणीतल्या मोठ्या डंपरना ऑटोमॅटिक बॉक्स कधीपासून आहे. तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात थोडी स्लिप मुळातच असते, म्हणून पुष्कळ बॉक्समध्ये लॉक-अप क्लच देतात. आतले क्लच तेलात बुडालेले असतात आणि तेलाच्या प्रेशरनेच दाबले जातात. पण फॉर्म्युला तोच. फक्त स्प्रिंगच्या जागी तेल.

म्हणून क्रमही तोच. आधी तेलाची पातळी, कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने (बहुतेकांत तेल गरम, गाडी सपाटीवर, इंजिन चालू). मग तेलाचा रंग आणि वास. काळे, जळके तेल म्हणजे क्लच जळतो आहे. मग प्रेशर गेज. सगळ्याच गिअरमध्ये घसरत असेल तर संशय पंप, फिल्टर किंवा प्रेशरवर. एकाच गिअरमध्ये घसरत असेल तर त्या गिअरच्या क्लचवर किंवा त्याच्या सीलवर. स्टॉल टेस्टमध्ये आरपीएम ठरल्यापेक्षा जास्त गेला तर आत काहीतरी घसरते आहे, कमी राहिला तर इंजिन किंवा कन्व्हर्टर बघा. ही टेस्ट मात्र पाच सेकंदांच्या वर नाही.

शेवटी एवढेच

घसरणारा क्लच फक्त चढावर त्रास देतो असे नाही. घाट उतरताना आपण इंजिनाच्या ब्रेकिंगवर विसंबतो. ते चाकापर्यंत पोचते क्लचमधूनच. जळालेला क्लच ऐन उतारावर सुटला तर सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून "चालतेय तोवर चालवू" हे इथे चालत नाही.

पुढच्या वेळी एक्स्टर्नल विचारतील, "क्लच केव्हा स्लिप होतो?" तेव्हा सांगा, "सर, इंजिनाचा टॉर्क क्लचच्या क्षमतेपेक्षा जास्त झाला की. क्षमता कमी होते ती म्यू, दाब किंवा दोन्हींमुळे. प्लेट झिजणे हे त्यातले फक्त एक कारण." मार्क किती मिळतील ते माहीत नाही. पण एखाद्या ट्रकमालकाचा तिसरा सेट नक्की वाचेल.