वाडीहून खिद्रापूरला जाताना

नृसिंहवाडीला महाराजांच्या पादुकांचे दर्शन झाले, की पुष्कळ भक्तमंडळी खिद्रापूरला कोपेश्वराकडे वळतात. शिलाहारांच्या काळचे, बाराव्या शतकातले देऊळ. स्वर्गमंडपाचे ४८ खांब पाहताना मान दुखते, पण मन भरत नाही!

तिथे शिल्प दिसले की कुणी कुंकवाचे बोट टेकवतो, कुणी पणतीतले तेल लावतो. भाव खरा हो, पण तेलावर धूळ बसते, नक्षी बुजते. पुढे पुट खरवडताना दगडही झिजतो. म्हणून मी सोबतच्यांना सांगतो, वाहायचे ते गाभाऱ्यात पिंडीला वाहा. शिल्पांना लांबूनच हात जोडा. नातवंड गजपीठातल्या हत्तीवर चढले, तर फोटो काढत न बसता आधी खाली उतरवा. आणि दगडावर नाव कोरणाऱ्याला १९५८च्या कायद्यात कैदेचीसुद्धा तरतूद आहे. संरक्षित स्मारक आहे ते.