कमळाचा एक्स-रे काढायचाय? आधी दर विचारा

कमळ, शंख किंवा शेंगेचा एक्स-रे फ्रेम करून भिंतीवर लावायचा असेल, तर सेकंडहँड यंत्राच्या भानगडीत पडू नका. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय ते चालवता येत नाही.

कुठे, कधी? नवी मुंबईतल्या वाशी, नेरुळ, खारघरमधलं डिजिटल एक्स-रे असलेलं खासगी सेंटर गाठा. काउंटरवर नाही, रेडिऑलॉजिस्टनाच विचारा. परवाना रुग्णतपासणीसाठी असतो; शेंग त्यात बसते का, हे सेंटरचे विकिरण सुरक्षा अधिकारी ठरवतील. नाही म्हणाले, तर वाद घालू नका. हो म्हणाले, तर दुपारी, गर्दी ओसरल्यावर जा. फूल त्याच दिवशीचं न्या.

कागदपत्रं: वस्तूचं नाव आणि हेतू लिहिलेला साधा अर्ज, ओळखपत्र. ‘तुमच्या नावावर हाताचा एक्स-रे दाखवतो’ असं कुणी सुचवलं, तर साफ नकार द्या. न झालेली तपासणी तुमच्या नावावर कायमची चिकटते.

खर्च: एका एक्स-रेचे साधारण 300 ते 600 रुपये. पण आरोग्यसेवेला असलेली जीएसटीची सूट कमळाला नाही. 500 रुपयांवर 18 टक्के लागले, की बिल 590. सीडीचे पैसे वेगळे लागतात का, तेही आधीच विचारा. फिल्म घेऊच नका. डायकॉम, म्हणजे एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल मागा. जेपीजीत बारीक छटा हरवतात. कोपऱ्यातलं नाव-तारीख काढून द्यायला सांगा. पुढचं काम ‘इमेजजे’ या मोफत सॉफ्टवेअरवर होतं.

टेक्निशियनला सांगा: केव्ही सगळ्यात कमी, 40च्या आसपास; ग्रिड काढलेली; वस्तू थेट प्लेटवर, खाली स्वच्छ प्लास्टिक. छातीच्या सेटिंगवर पाकळी दिसणारच नाही. पहिला शॉट फसला, तर दुसऱ्याचे पैसे लागतील का, हे आधी ठरवा. वस्तू हातात धरून उभं राहायचं नाही. एक्स-रे काढलेलं फूल मात्र बिनधास्त घरी न्या, ते किरणोत्सारी होत नाही.

प्रिंट: 14 बाय 17 इंचांच्या प्लेटवर साधारण 2500 बाय 3000 पिक्सेल मिळतात. म्हणजे 8 बाय 10 इंचांची प्रिंट चोख येईल. 12 बाय 15 दुरून चालेल. त्यापुढे पैसे पाण्यात. मॅट फोटो पेपर घ्या, फ्लेक्स नको. ‘मिनिमम बिल’ आणि ‘फाइल सेटिंग’ धरूनच दर घ्या.

हे आणू नका: समुद्रघोडा, प्रवाळ, संरक्षित शंख-शिंपले. 1972च्या वन्यजीव कायद्यात हे अडकतं. विकणाऱ्याची पावती तुम्हाला वाचवत नाही. खाडीकाठची खारफुटीही तोडू नका. बाजारातली कमळकाकडी, लिली, भेंडी पुरे.

रेडिऑलॉजिस्ट साशंक दिसले, तर डेन टास्कर यांची चित्रं मोबाइलवर दाखवा. लॉस एंजेलिसच्या या रेडिऑलॉजिस्टनी 1930च्या दशकात फुलांचे एक्स-रे काढले होते. अर्जापेक्षा ती चित्रंच जास्त बोलतील.