दिवा खरोखरच मंदावतो आहे



"तुला काही आठवत नाही." "तुझं डोकं ठिकाणावर नाही." "असं काही झालंच नाही, तूच मनाने रचतेस." अशी वाक्ये कधी रागाच्या भरात तोंडातून निघून जातात. पण कोणी ती ठरवून, रोज बोलू लागला, तर ऐकणारीचे मन हळूहळू आजारी पडते. हे कसे घडते ते एका जुन्या चित्रपटातून समजून घेऊ.

गोष्ट

'गॅसलाइट' हा १९४४ चा हॉलिवूडचा चित्रपट पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या नाटकावर आधारलेला आहे. लंडनमध्ये घरोघरी गॅसचे दिवे होते, तेव्हाची ही गोष्ट. पॉला नवऱ्याबरोबर एका घरात राहायला येते. नवरा तिला दागिना देतो, तोच गुपचूप काढून घेतो आणि "तू हरवलास" म्हणतो. भिंतीवरची तसबीर नाहीशी होते, तोही दोष तिच्यावर. तिला कोणाला भेटू देत नाही. रात्री "कामाला जातो" सांगून तो चोरवाटेने त्याच घराच्या माळ्यावर दडवलेली रत्ने शोधतो. तिथे गॅस पेटला की खालचे दिवे मंदावतात. पॉलाला ते दिसते, वर पावले वाजलेली ऐकू येतात. पण घरात कोणी दुजोरा देत नाही. शेवटी तिलाच वाटू लागते, आपल्याला वेड लागले.

नवऱ्याचा डाव प्रेक्षकाला लवकरच कळतो. तरी चित्रपट पकड सोडत नाही, तो नायिका इंग्रिड बर्गमन यांच्या अभिनयामुळे. सुरुवातीची हसरी, प्रेमात पडलेली पॉला पुढे बोलण्याआधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघते, साध्या प्रश्नाला अडखळते. या भूमिकेसाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. अशी बाई मुळात दुबळी नसते, तिला दुबळे केले जाते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.

पॉला सावरते कशाने? घरी आलेला पोलीस अधिकारी दिव्याकडे बघतो आणि सांगतो की दिवा मंदावतो आहे. एका माणसाने खरे मानले, एवढ्याने तिचा स्वतःवरचा विश्वास परत येऊ लागतो.

ओळखायचे कसे?

या छळाला आज जगभर 'गॅसलाइटिंग' म्हणतात. हे आजाराचे नाव नाही, वागणुकीचे आहे. खुणा अशा: घडलेली गोष्ट सतत नाकारणे, चारचौघांत वेडी ठरवणे, माहेर आणि मैत्रिणी तोडणे. परिणाम असे: झोप उडणे, छातीत धडधड, सतत माफी मागणे, साधा निर्णयही घेता न येणे.

मात्र प्रत्येक विसरभोळेपणामागे छळ नसतो. रक्तक्षय, थायरॉईड, नैराश्य यांमुळेही विसरायला होते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. भगत-बाबाकडे नेऊ नका. तिथे बाईवर 'बाधा झालेली' असा आणखी एक शिक्का बसतो.

काय करावे?

- घडलेली गोष्ट तारखेसह वहीत लिहा. वही विश्वासाच्या बाईकडे ठेवा.
- मन मोकळे करण्यासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोलता येते.
- महिला हेल्पलाइन १८१. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाच आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. स्त्रीला सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.
- शेजारीण सांगू लागली तर "सहन कर" म्हणू नका. आधी ऐका.

पंचशीलातले चौथे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. खोटे बोलून घरातल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास मोडणे हा त्या शीलाचा भंग आहे. तथागतांनी तर कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा असे शिकवले. तो अधिकार घरातल्या बाईलाही आहे.

महिला मंडळाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या घरात कोणाचे म्हणणे नेहमी "तुला काय कळतं" म्हणून उडवले जाते?
२. वस्तीतल्या कोणत्या बाईने अलीकडे विहारात येणे बंद केले? तिच्याकडे या आठवड्यात कोण जाईल?