बेस्ट खेळाडू म्हणजे बेस्ट कोच? धनराज पिल्ले यांच्या करिअरमधून आपल्या शॉपफ्लोअरसाठी धडा



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय होता ‘चांगला ऑपरेटर, वाईट सुपरवायझर’. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, कुठल्याही शेडमध्ये जा, ही गोष्ट ऐकायला मिळतेच. सगळ्यात हुशार सीएनसी ऑपरेटर असतो. मालक खूश होऊन त्याला सुपरवायझर करतो. सहा महिन्यांत मशीनवरचा हात गेलेला असतो आणि सुपरवायझरही मिळालेला नसतो. मग एक दिवस तो माणूस कंटाळून शेजारच्या शेडमध्ये नोकरी धरतो. व्हिडिओत खेळाचं उदाहरण घाईत संपवावं लागलं, म्हणून इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

१. आधी खेळाडू बघा

धनराज पिल्ले. पुण्याजवळच्या खडकीचा पोरगा, जन्म १९६८. वडील ग्राउंड्समन. नवी स्टिक घ्यायला घरात पैसे नाहीत, म्हणून मोडक्या स्टिक आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेले बॉल घेऊन खेळायला शिकला. मोठा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून हॉकी खेळायचा. त्याच्या पाठोपाठ धनराजही मुंबईत आले. तिथे त्यांना जोकिम कार्व्हालो यांच्यासारख्या आंतरराष्ट्रीय खेळाडूचं मार्गदर्शन मिळालं. १९८९ मध्ये भारतीय संघात पदार्पण, आणि २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपर्यंत फॉरवर्ड म्हणून ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. चार ऑलिम्पिक, चार वर्ल्ड कप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड.

इथे एक नोंद करा. पळण्याचा वेग धनराज यांचा स्वतःचा होता. पण त्याला संधी आणि दिशा देणारी माणसं दुसरी होती. काम करणं हे एक कौशल्य, आणि दुसऱ्याकडून काम करून घेणं हे दुसरं. आपण पगार वाढवताना ही दोन्ही एकाच खात्यात टाकतो, आणि तिथेच गडबड होते.

२. आता कोच बघा

आइस हॉकीतला सगळ्यात मोठा फॉरवर्ड कोण, असं कॅनडात विचारलं तर बहुतेक लोक वेन ग्रेट्झकी हेच नाव सांगतील. एनएचएलमध्ये ८९४ गोल आणि एकूण २,८५७ पॉइंट. हाच माणूस २००५ ते २००९ फिनिक्स कायोटीज संघाचा मुख्य कोच होता. चार सीझन झाले, संघ एकदाही प्लेऑफमध्ये पोचला नाही.

आता उलट उदाहरण आपल्या घरचं. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा फक्त एक सामना खेळले. पण शिवाजी पार्कवर त्यांनी सचिन तेंडुलकर घडवला.

असं का होतं? ज्याला काम सहज जमतं, त्याला ते कसं जमतं हे सांगता येत नाही. तुमचा ऑपरेटर आवाजावरून ओळखतो की टूल घासलंय. नवीन पोराला तो काय सांगणार? ‘अरे, ऐकू येत नाही का?’ तो उद्धट नसतो. त्याला खरंच कळत नाही की समोरच्याला हे ऐकू का येत नाही. ज्याने स्वतः अडखळत, एकेक पायरी करत काम शिकलंय, त्याला त्या पायऱ्या आठवतात. शिकवणं त्याला जमण्याची शक्यता जास्त.

३. दुसरी इनिंग वेगळी असते

खेळ थांबल्यावर धनराज भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, पुढे अकादमीच्या कामात उतरले. मुंबईतल्या अकादमीसाठी पैसे उभे करायला त्यांनी ऑफिसांमधून प्रिंटरची रिकामी कार्ट्रिज गोळा करून रिसायकलिंगला देण्याची मोहीम काढली. विचार करा, ३३९ सामने खेळलेला माणूस ऑफिसोऑफिस रिकामी कार्ट्रिज मागतोय! ड्रिबलिंग कितीही चांगलं असलं तरी या कामात त्याचा उपयोग नाही. इथे चिकाटी लागते, आणि लोकांकडे मागायची लाज सोडावी लागते. सुपरवायझरचं कामही असंच आहे. स्वतःची कला बाजूला ठेवून रोज दहा जणांच्या मागे लागायचं.

४. सगळ्यात महाग चूक

१९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये धनराज कर्णधार होते. ३२ वर्षांनी भारताला हॉकीचं सुवर्ण मिळालं. आणि त्यानंतर? धनराज आणि आणखी सहा सीनियर खेळाडू संघाबाहेर. अधिकृत कारण ‘विश्रांती’. पण सुविधा आणि मानधनाबद्दल तोंड उघडलं म्हणून ही शिक्षा, असंच सगळीकडे मानलं गेलं.

मालक म्हणून स्वतःला विचारा: मोठी ऑर्डर वेळेत काढून देणाऱ्या माणसाने ओव्हरटाइमचे पैसे मागितले, तेव्हा मी काय केलं? ‘डोक्यावर बसायला लागलाय’ असं म्हटलं असेल, तर बाकीच्या पोरांनीही ते ऐकलंय. पुढच्या मोठ्या ऑर्डरला कोण जीव तोडून काम करेल?

५. मग करायचं काय?

• पगाराच्या दोन शिड्या ठेवा. एक कारागिराची, एक सुपरवायझरची. मास्टर ऑपरेटरचा पगार सुपरवायझरपेक्षा जास्त असला तरी चालेल. पगार वाढावा म्हणून कुणाला मशीन सोडावं लागू नये.

• प्रमोशनआधी तीन महिने ट्रायल घ्या. एक नवा पोरगा त्याच्या हाताखाली द्या. मोजायचं ते पोराचं काम. समजा पहिल्या महिन्यात पोरगा शिफ्टला ६० पीस काढत होता आणि तिसऱ्या महिन्यात ९० काढतोय, रिजेक्शनही वाढलं नाही, तर तुमच्याकडे कोच आहे. पोरगा ६० वरच असेल, तर तुमच्याकडे उत्तम खेळाडू आहे. त्याला खेळू द्या.

• परतीचा रस्ता उघडा ठेवा. ट्रायल जमली नाही तर मान आणि पगार तोच ठेवून तो मशीनवर परत येईल, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर तो लाजेखातर कंपनीच सोडतो.

• तक्रार आणि बेशिस्त वेगळी करा. पैशाचा विषय निघाला की सात दिवसांत हो किंवा नाही, कारणासकट उत्तर द्या.

गृहपाठ: कागदावर दोन रकाने करा. एकात तुमचे ‘खेळाडू’, दुसऱ्यात तुमचे ‘कोच’. प्रत्येक नावापुढे लिहा, गेल्या वर्षभरात याने कुणाला काय शिकवलं? ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही आणि तरी ज्याला तुम्ही या दिवाळीत सुपरवायझर करणार होता, ते नाव गोल करा. त्याच्याशी उद्या चहावर बसून एकच प्रश्न विचारा: ‘तुला माणसं सांभाळायला आवडेल, की मशीनवर राहून जास्त पगार आवडेल?’

पुढच्या व्हिडिओत दोन शिड्यांचा पगारतक्ता कसा बनवायचा, ते एक्सेलवर करून दाखवतो. भेटूया!