पेज नदीचे पाणी कोठून येते? वर्गातील प्रश्न आणि गावातील उत्तर

कर्जत तालुक्यातून वाहणाऱ्या पेज नदीला ऐन मे महिन्यातही पाणी असते. कोकणातील कितीतरी नद्या होळीनंतर आटू लागतात. मग हीच का वाहते, हा प्रश्न कडाव परिसरातील कोणत्याही मुलाला पडण्याजोगा आहे. त्याचे उत्तर भिवपुरीच्या वीजगृहात आहे. घाटमाथ्यावर मावळात आंद्रा नदी अडवून ठोकरवाडीचा तलाव करण्यात आला. ते पाणी घाटाखाली आणून १९२२ पासून भिवपुरीस वीज तयार होते आणि जनित्रे फिरवून मोकळे झालेले पाणी पेजेत उतरते. भीमेच्या खोऱ्यात पडलेला जो पाऊस एरवी पूर्वेकडे बंगालच्या उपसागरास मिळाला असता, तो असा उल्हास नदीत येऊन अरबी समुद्राकडे जातो. वाटेत त्यावर उन्हाळी भात पिकतो आणि खालच्या शहरांच्या नळयोजना चालतात.

एवढे समजले की भूगोलाचा पाठ पुरा झाला, असे आपण मानतो. आमच्या मते खरा पाठ येथून पुढे सुरू होतो. हे पाणी केव्हा आणि किती सोडायचे, हे कोण ठरवते? कालव्याच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाची? नदी जवळ असूनही एखाद्या वाडीतील बायाबापड्यांना हंडा घेऊन नदीत उतरावे लागत असेल, तर त्या वाडीची नळयोजना कोणत्या कागदावर अडली आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर परीक्षेत गुण मिळवून देते. पुढच्या प्रश्नांना परीक्षेत जागा नाही. पण शाळा सोडून गावी परतलेल्या मुलाची गाठ पडते ती त्यांच्याशीच.

आपली शाळा धम्माच्या अधिष्ठानावर उभी आहे, म्हणून येथे कालाम सुत्ताचे स्मरण अप्रस्तुत ठरणार नाही. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी सांगितले ते एवढेच, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा पूज्य आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. हा उपदेश आपण मोठ्या आदराने सांगतो. परंतु त्याचा उत्तरार्ध पुष्कळदा विसरतो. कालामांना तत्त्वचर्चेची हौस नव्हती. कोणत्या उपदेशकाचे म्हणणे खरे मानावे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि कोणत्या वागण्याने अहित होते व कोणत्याने हित होते हे स्वतः पारखून त्याप्रमाणे आचरण करा, असे त्यांना सांगण्यात आले. ज्या चौकशीचा शेवट आचरणात होत नाही, ती त्या सुत्ताची चौकशी नव्हे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील महाडचे आहे. २० मार्च १९२७ हा दिवस आमच्या मुलांना तोंडपाठ असतो. १७ मार्च १९३७ विचारला, तर वर्ग गप्प होतो. वस्तुतः या दोन तारखांच्या मधली दहा वर्षे हा नागरिकशास्त्राचा उत्कृष्ट पाठ आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क होता, तळ्यावर नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो कागद प्रथमच जिवंत झाला. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये विरोधकांनी दिवाणी दावा लावला. तळे खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची रूढी अनादी काळापासून आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने विचारले, पुरावा काय? तळ्याची खासगी मालकी सिद्ध झाली नाही. रूढीचे अनादित्वही सिद्ध झाले नाही आणि मुंबई उच्च न्यायालयात दाव्याचा अखेरचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

‘हे तळे कोणाचे?’ हा तीन शब्दांत मावणारा प्रश्न आहे. तो दप्तर, ठराव, साक्षी आणि कायदा यांच्या आधारे शेवटपर्यंत नेला गेला. वर्गात आम्ही ज्याला ‘प्रकल्प’ म्हणतो, त्याचा आदर्श आम्हाला येथे दिसतो. दुकानातून चित्रांचे तक्ते आणून वहीत चिकटवण्याच्या प्रकारात खचित दिसत नाही.

शिक्षण आणि जगणे यांची ही सांधणी नवी नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे पाठ असावेत, अशी मागणी केली होती. अलीकडच्या काळात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील रीत साधी आहे: गावाला जे काम हवे आहे तेच मुलांनी शिकत शिकत करावयाचे. जोडकाम कच्चे राहिले तर ते वापरणारा शेतकरीच सांगतो. शिक्षकाच्या लाल शाईची वाट पाहावी लागत नाही.

आमच्या परिसरात यासाठी दूर जाण्याची गरज नाही. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे आणि भाताच्या कित्येक जाती ‘कर्जत’ हे नाव घेऊन शेतात पोहोचल्या आहेत. घरच्या शेतात कोणते बियाणे आहे, ते केव्हा आले, जुने वाण का सुटले, हे मुलांनी आजी-आजोबांना विचारून लिहावे आणि मग केंद्रातील तज्ज्ञांना विचारावे. घरचा सातबारा वाचावा. गणिताच्या तासाला ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक घ्यावे. अठरा वर्षांखालील मुलाला ग्रामसभेत मत नाही, पण त्याने नीट लिहून दिलेला प्रश्न आई किंवा वडील तेथे निश्चित वाचू शकतात.

एक सावधगिरी मात्र हवी. मुलांना पुढे करून मोठ्यांनी आपली भांडणे भांडू नयेत. प्रश्न नम्र असावा, उत्तर दोन ठिकाणी पडताळावे आणि उत्तर आपल्याला न आवडणारे निघाले तरी ते वहीत तसेच लिहावे. या तिसऱ्या सवयीला सर्वांत अधिक वेळ लागतो, असा आमचा अनुभव आहे.

पालकांनी हरकत घेतली, तर ती समजण्यासारखी असते. लेकराला पोटाला चिमटा काढून शिकवायचे, ते पंचायतीत प्रश्न विचारायला की नोकरी मिळवायला? आमचे म्हणणे असे की, अर्ज लिहिणे, नकाशा व हिशेब वाचणे, अनोळखी अधिकाऱ्यापुढे न अडखळता बोलणे, ही कौशल्ये दोन्हीकडे सारखीच लागतात.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी तलाठी कार्यालयात, कोणी रुग्णालयात, कोणी कारखान्यात, तर कोणी स्वतःच्या शेतावर काम करीत असतील. त्यांनी वर्षातून एक दुपार आम्हाला द्यावी. भाषण नको. आपल्या कामातील एखादा कागद किंवा एखादे अवजार सोबत आणावे आणि मुले विचारतील त्याची उत्तरे द्यावीत. आठवीचा वर्ग पेजेच्या प्रश्नापासून आरंभ करील.